आम्हा बायकांची भरीत-पार्टी

राग आला की गोष्ट चांगली लक्षात राहते, असा माझा अनुभव आहे. आनंदात गेलेल्या दिवसाचं नंतर नुसतं 'मजा आली' एवढंच उरतं. पण ज्या दिवशी पावलोपावली डोकं तापलं, त्या दिवसाचे किस्से कितीही सांगा, संपत नाहीत. जळगावच्या एका शाळेतल्या आम्ही चार शिक्षिका एका हिवाळ्यात रावेरकडच्या शेतात भरीत खायला गेलो होतो, त्या दिवसाचं तसंच आहे. स्वातंत्र्य येऊन तेव्हा आठ-दहा वर्षं झाली होती. निदान आम्ही तसं ऐकून होतो.

*

आमच्या शाळेतले मास्तर लोक दर हिवाळ्यात एखाद्या रविवारी कुणाच्या तरी शेतात जायचे. कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजायची, ठेचायची, दिवसभर गप्पा हाणायच्या, आणि सोमवारी स्टाफरूममध्ये त्याचंच रसभरीत वर्णन. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी मात्र आम्ही शिक्षिकांनी घरून थापून द्यायच्या. दरवर्षी दिल्या. त्या वर्षी अक्का म्हणाल्या की यंदा भाकरीही आपल्या आणि भरीतही आपलंच. अक्का आमच्यात सगळ्यात मोठ्या. लहान वयात विधवा झालेल्या, त्यानंतर शिकून नोकरीला लागलेल्या. त्यांचा शब्द आम्ही मोडत नसू.

हेडमास्तरांच्या कानावर घालायला गेलो, तर ते हसले. बाकीचे मास्तरही हसले. मग हेडमास्तरांनी अगदी काळजीनं विचारलं, "जा की. पण तुमच्याबरोबर भरीत करायला कोण येणार?"

मी त्यांच्या तोंडाकडे बघतच राहिले. वर्षभर घरोघरी चूल फुंकायची आम्ही, आणि शेतात गेलं की वांगं भाजायची अक्कल फक्त पुरुषांना!

*

घरी वेगळीच तऱ्हा. आमचे हे म्हणाले, थंडी फार आहे, तुला सर्दी होईल. आदल्या रविवारी हेच गृहस्थ मित्रांबरोबर पहाटेच्या गाडीनं भटकायला गेले होते. आणि मी रोज अंधारात उठून गारठलेल्या पाण्यात धुणं धुते, तेव्हा माझ्या सर्दीची आठवण कुणाला होत नव्हती. त्यांचाच मफलर डोक्याला गुंडाळला आणि निघाले.

विमल आमच्यात सगळ्यात लहान, नुकतं लग्न झालेली. तिच्या सासूबाईंनी परवानगी दिली, पण दोन्ही वेळचा स्वयंपाक करून ठेवण्याच्या अटीवर. बिचारी स्टेशनवर आली तेव्हा बोटाला चटका बसलेला होता आणि केस ओलेच. थंडीनं दात वाजत होते. तरी हसत होती, त्याचा मला आणखी राग आला.

*

भुसावळपर्यंतच्या गाडीत समोरच्या बाकावर नरडाण्याला गाडीत चढलेले एक आबा होते. घोंगडीतून फक्त डोळे दिसत होते. बराच वेळ त्यांनी आम्हाला न्याहाळलं. मग न राहवून विचारलं, "तुमना संगे माणूस कोण शे?"

विमल धुळ्याकडची, तिला ती बोली चांगली येते. कुणीच बरोबर नाही, असं ती सांगू लागली, तर अक्कांनी तिला थांबवलं आणि शांतपणे म्हणाल्या, "आबा, या कोपऱ्यात पाच माणसं आहेत. तुम्हाला धरून."

आबांनी जरा विचार केला, खरोखरच एकेकाकडे बघून मोजलं, आणि घोंगडी तोंडावर ओढून झोपून गेले.

*

शेत आमच्यातल्या चौथीच्या, कुसुमच्या माहेरचं. तिचे थोरले भाऊ स्टेशनवर घ्यायला आले, ते दोन मित्रांना घेऊनच. शेतावर पोचताच तिघांनी जाळाचा ताबा घेतला. पऱ्हाट्या अशा रचत नाहीत म्हणाले. वांग्याला काडीनं टोचायचं असतं म्हणाले. तुम्ही पाहुण्या, उन्हात बसा म्हणाले. त्या गार वाऱ्यात केळीची पानं फडफडत होती आणि आम्ही चौघी जाळापासून दूर, पदर घट्ट आवळून, पाहुण्यांसारख्या बसलो होतो.

भरीत झालं. तेलात परतलेल्या हिरव्या मिरचीचा आणि कांद्याच्या पातीचा वास सुटला. तिघं पुरुष आधी बसले. गरम आहे तोवर खाऊन घेतो, म्हणाले. सगळ्यात जास्त राग मला कशाचा आला सांगू? कुणी सांगितलं नव्हतं, तरी आमचे हात आपोआप वाढू लागले. कुसुमनं भाकरी दिली, विमलनं पाणी, आणि मी तर भरीत आणखी घ्या म्हणून आग्रहही केला. अक्का तेवढ्या बसून होत्या.

तिघांचं होईपर्यंत भांड्याचा तळ दिसू लागला. मित्र ढेकर देत गावाकडे निघून गेले. जाताना म्हणाले, बायकांनाही जमलं असतं, पण आमच्या हाताची चव वेगळी.

*

तेवढ्यात कुसुमची वहिनी डोक्यावर टोपली घेऊन बांधावरून आली. घरच्या भाकरी आणि आणखी वांगी आणली होती. टोपली उतरवली आणि लगेच माघारी वळली. अक्कांनी तिला आमच्याबरोबर बसायला सांगितलं. ती संकोचली, नवऱ्याकडे पाहू लागली. भाऊ झाडाखाली आडवे झाले होते, तिथूनच म्हणाले की तिला घरी जायला हवं, म्हशीची वैरण राहिली आहे.

अक्का उठल्या. त्यांच्याजवळ जाऊन, वर्गात बोलतात त्याच आवाजात त्यांनी विचारलं, "भाऊ, तुमच्या हातची वैरण म्हैस खात नाही का?"

भाऊ उठून बसले. मग त्यांनी चपला पायात सरकवल्या, बंडी झटकली आणि घराकडे चालू लागले.

आता जाळ आमचा होता. कुसुमनं पऱ्हाट्या सारल्या, विमलनं वांगी भाजली, मी ठेचली. वहिनी सारखी उठायची, मी करते म्हणायची, आणि अक्का तिला खांदा दाबून खाली बसवायच्या. जाळाच्या अगदी जवळची जागा तिला दिली. पहिली भाकरी तिच्या हातात, तिच्यावर भरीत, अजून वाफा निघत होत्या. आम्ही कुणीच घेतलं नव्हतं.

तिनं एक घास घेतला. चावता चावता थांबली. लग्न झाल्यापासून दर हिवाळ्यात तिच्या घरी या शेतातली वांगी भाजली जात होती, आणि ती सगळ्यांना वाढून शेवटी जेवत होती.

"ऊन ऊन भरीत असं लागतं का?" ती म्हणाली.

अक्कांनी निखाऱ्यांवर आणखी दोन वांगी ठेवली.