दोन अर्धे कोयते

दिंद्रुडला माझी पिठाची गिरणी आहे, त्यामुळे गावातलं सगळं आधी माझ्या कानावर येतं. आश्रुबाची बायको सावित्रीबाई तेलगावला येशूच्या प्रार्थनेला जाते, हे मला तिच्या सासूच्या आधी कळलं. मी फाटक्या तोंडाची. तोंडावर विचारलं, "घरातले देव मेले होते का?"

"मेले न्हाईत," ती म्हणाली. "पर त्या दिवशी माझ्याजवळ रतनबाईच बसली."

तो दिवस सगळ्या गावाला माहीत आहे. दोन वर्षांपूर्वी उसाच्या फडावर ट्रॉली आधी कुणी भरायची यावरून भांडण पेटलं, आणि आमच्याच गावच्या सिदूनं आश्रुबाच्या मानेवर कोयता घातला. ऊसतोडीच्या एकाच टोळीतले, एकमेकांच्या भाकरी खाणारे. सिदू तुरुंगात गेला. दवाखान्यात शवविच्छेदन होईपर्यंत सावित्रीबाई एकटी फरशीवर पडून होती. रतनबाई तिथली आया, ख्रिस्ती. ती कामावरून सुटूनही घरी गेली नाही. तिनं चहा पाजला, हात धरून प्रार्थना केली. सावित्रीबाई म्हणते, तेव्हा कुठं तिला श्वास घेता आला. गावी परतल्यावर दर रविवारी ती तेलगावला प्रार्थनेला जाऊ लागली.

पण तिथंही एक अडचण होती. सगळ्यांनी मिळून म्हणायच्या प्रार्थनेत, ज्यांनी आपलं वाईट केलं त्यांना क्षमा केल्याची एक ओळ येते. तिथं तिचं तोंड मिटायचं. "देवापुढं खोटं कावून बोलू?" असं ती मला म्हणाली. मला ते पटलं. मी तर म्हटलं, सिदूला कधीच माफ करू नकोस.

दोन वर्षं तिनं खुरपणी आणि कापसावर काढली. यंदा पावसानं कापूस गेला. घरात दोन लेकरं आणि म्हातारी. दसऱ्याच्या सुमारास ती मुकादम अर्जुनरावांच्या ओट्यावर जाऊन बसली. फडावर माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवरा तोडतो, बायको मोळ्या बांधते, दोघांचा मिळून एक कोयता. एकटी बाई म्हणजे अर्धा.

"अर्धा कोयता घेऊन मी काय करू?" अर्जुनराव म्हणाले. "जोडीदार आन, नाव घेतो."

ओट्यावरचा एक टवाळ बोलला, "सिदूची बायकू रुक्मिणीबाई बी अर्धीच हाय की."

हसले मेले सगळे. सावित्रीबाई उठून घरी आली. तीन दिवस तिच्या पोटात अन्नाचा कण गेला नाही. चौथा दिवस रविवार होता. तेलगावहून परतताना ती स्वतःच्या घराकडं न वळता रुक्मिणीबाईच्या घराकडं निघालेली मी पाहिली. गिरणी बंद करून मी मागं धावले. म्हटलं, आता झिंज्या धरणार, सोडवायला कुणीतरी हवं.

तिला पाहून रुक्मिणीबाई दार लावायला लागली. दोन वर्षं गावात तिच्याशी कुणी धड बोललं नव्हतं. तिचं दळण मीसुद्धा सगळ्यात शेवटी घ्यायची. आता त्याची लाज वाटते.

"दार लावू नको," सावित्रीबाई म्हणाली. "उद्या टोळी चाललीय. आपुन दोघी मिळून नाव देऊ."

रुक्मिणीबाईनं दारावरचा हात काढला. म्हणाली, "तुमी तोडा अक्का. मी मोळ्या बांधते. माझ्या हातात कोयता बघवंल का तुमाला?"

"मला कोयता धरवतच न्हाई. तूच तोड. मी मागं बांधत येते."

म्हणजे रोज दिवसभर, तिच्यापुढं चार हातांच्या अंतरावर, सिदूच्याच घरातल्या बाईच्या हातात कोयता. मी म्हटलं, "सावित्री, नीट इचार कर बाई."

"केलाय. लई भ्या वाटतंय," ती म्हणाली. "आज परार्थनेत देवाला तेच सांगितलं."

रुक्मिणीबाई उंबऱ्यातच बसली आणि रडायला लागली. रडता रडता तिनं विचारलं, "अक्का, माफ केलं का आमाला?"

सावित्रीबाई तिच्याजवळ खाली बसली.

"तुजं काय चुकलं व्हतं? त्याला अजून न्हाई केलं," ती म्हणाली. "ऊठ, भाकरी बांधून ठेव. गाडी पहाटं पाचला येती."