ड्रेसरबाबांनी उगवलेला सूड

ड्रेसरबाबा गोचीड कधी चिरडत नसत. कुत्र्याच्या कानामागून, पंजाच्या बेचक्यातून चिमट्याने अलगद उपटायचे आणि रॉकेलच्या बाटलीत टाकायचे. मग बाटली डोळ्यांसमोर धरून, तो पाय झाडायचा थांबेपर्यंत बघत बसायचे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी म्हटलं, बाबा, पायाखाली रगडून मोकळे का होत नाही? तर म्हणाले, "चिरडला का घाण पसरते, बाई, रोग हाताला लागतो. आन् चिरडला का लगेच मरतो. यानं आठ दिस रगात पिलंय. जरा बुडू द्या की त्याला." पहिलं कारण शास्त्राचं होतं, दुसरं त्यांचं स्वतःचं. मला दुसरं जास्त पटलं.

मी मूळची जव्हारची. पोशेऱ्याच्या पलीकडच्या एका पाड्यावर शाळेत नेमणूक झाली आणि तिथेच खोली घेऊन राहिले. बाबा त्याच पाड्याचे. उभा जन्म गुरांच्या दवाखान्यात जखमा धुण्यात आणि पट्ट्या बांधण्यात गेला, म्हणून ड्रेसर. निवृत्त झाल्यावर त्याला बाबा चिकटलं. खरं नाव आधार कार्डावर असेल, मी कधी विचारलं नाही.

माणसांच्या बाबतीत बाबा विसरभोळे होते, पण कुत्र्याला कुणी काय केलं ते त्यांच्या डोक्यातून जात नसे. एकाने कुत्र्याच्या गळ्यात तार बांधली आणि ती मांसात रुतली. बाबांनी तार कापली, जखम बरी केली आणि त्या घरचं पाणी कायमचं सोडलं. शिरपामाळच्या वाटेवर बंगला असलेल्या एका साहेबाने उन्हाळ्यात लांब केसांचं झुबकेदार कुत्रं आणलं आणि पावसाळ्याच्या तोंडावर ते तसंच टाकून तो मुंबईला गेला. चिखलात भिजून ते मेलं. पुढच्या वर्षी साहेबाचा फोन आला, नवीन कुत्रं आणलंय, लस कुठली द्यायची? बाबांनी विचारलं, "मागलं कुठं हाय?" साहेबाने सात-आठ वेळा फोन केला असेल. दर वेळी बाबांनी तेवढंच विचारलं. शेवटी साहेबाने नंबर बदलला म्हणे.

मला कुत्रं पाळायला बाबांनीच लावलं. एक तांबूस पिल्लू आणून ओट्यावर ठेवलं आणि कपाळावर पांढरा टिळा होता म्हणून मी तिचं नाव चांदी ठेवलं. मग माझी शाळा सुरू झाली. भाकर ताजी द्यायची, कोंबडीचं शिजवलेलं हाड द्यायचं नाही, त्याची सळई होऊन आतडं फाटतं. जंताचं औषध, रेबीजची लस, तारखा भिंतीवर लिहून ठेवायच्या. कातडी चिमटीत धरून सोडायची, ती चटकन खाली बसली नाही तर अंगात पाणी कमी. ओठ उचलून हिरड्या बघायच्या, लालसर असल्या की निवांत झोपायचं. आणि कुत्र्यावर कधी मागून हात टाकायचा नाही. "कुत्रं चावरं जन्मत नाय, बाई. कोणीतरी त्याला शिकवलेलं असतं," हे ते वर्गातल्या पोरांनाही येऊन सांगून गेले होते.

चांदी चार वर्षांची असताना तिला विष घातलं. पाड्याच्या टोकाला सदूची कोंबड्यांची शेड होती. त्याच्या दोन कोंबड्या गेल्या होत्या. नेल्या कुणी, कोल्ह्याने की मुंगसाने, हे त्याने पाहिलं नव्हतं. त्याने मटणाच्या तुकड्यांत शेतातलं कीडनाशक कालवून बांधावर टाकलं. चांदीला तीन महिन्यांची पिल्लं होती. त्यातली दोन पिल्लं आधीच लोकांनी नेली होती, एक बाबांकडे होतं म्हणून वाचलं. बाबा त्या दिवशी मोखाड्याच्या बाजारात होते. येईपर्यंत संपलं होतं. त्यांनी तिच्या तोंडाचा फेस स्वतःच्या पंच्याने पुसला आणि कुणी घातलं, एवढंच विचारलं.

सगळ्यांना माहीत होतं, पण बोलायला कुणी तयार नव्हतं. मी सदूच्या दारात जाऊन हवं तसं बोलले. तो म्हणाला, पुरावा दाखव. मी सरळ सांगते, त्या दिवसांत मी त्याचं वाटोळं व्हावं म्हणून रोज दिवा लावत होते. बाबा मात्र म्हणाले, वाघबारस येऊ द्या.

दिवाळीच्या तोंडावर वाघोबाच्या दगडापाशी सगळा पाडा जमतो, खीर शिजते. एक जण वाघ होतो. त्याला विचारायचं, आमच्या शिवेत येशील का, आमची गुरं मारशील का? त्याने दर प्रश्नाला "नाय, नाय" म्हणायचं आणि मग सगळ्यांनी हाकारत त्याला शिवेबाहेर पिटाळायचं. अंगापिंडाने दांडगा, म्हणून दर वर्षी वाघ सदूच व्हायचा. त्याही वर्षी हौसेने पट्टे ओढून उभा राहिला. गुरांचे प्रश्न झाले. मग बाबा काठी टेकत पुढे आले आणि नेहमीच्याच आवाजात म्हणाले, "बाईंच्या कुत्रीला इख तू घातलंस का?"

वाघोबासमोर खोटं बोललं तर खरा वाघ दार शोधत येतो, ही तिथली श्रद्धा. सदूला "नाय" म्हणायचं होतं, तोंडही उघडलं होतं, पण शब्द फुटेना. चुलीवरची खीर करपायला लागली तरी कुणी हललं नाही. शेवटी त्याने मान खाली घातली.

आता दंड होणार, वाळीत टाकणार, असं मला वाटलं आणि ते मला हवं होतं. बाबा घरी गेले, चांदीचं ते उरलेलं पिल्लू घेऊन आले आणि सदूच्या हातात दिलं. हे तू वाढवायचं, म्हणाले.

मी महिनाभर बाबांशी बोलले नाही. तिच्या पोटचं पोर तिच्याच मारेकऱ्याच्या हातात? एक दिवस न राहवून ओट्यावर जाऊन भांडलेच. बाबा चिमटा पुसत होते. म्हणाले, "आता तुमी त्याला काय पण बोला, त्याला लागायचं नाय. त्याला वाटतं कुत्रं मारलं. जीव लागू द्या. लागला का मग त्याला कळंल, त्यानं काय मारलं. मला घाई नाय."

असा सूड मी पाहिला नव्हता. दर सोमवारी बाबा सदूच्या शेडवर जायचे आणि त्याच्याकडून सगळं स्वतःच्या हाताने करून घ्यायचे. जंताचं औषध पाजायला लावायचे, गोचीड वेचायला लावायचे. पिल्लाला जुलाब लागले तेव्हा सदूला दिवसभर बसवून चमच्या-चमच्याने साखर-मिठाचं पाणी द्यायला लावलं. घाणही त्यालाच काढायला लावली. सुरुवातीला सदू शिव्या देत करायचा. पुढे शिव्या थांबल्या. त्याने पिल्लाचं नाव राजा ठेवलं. मग तो बाबांची वाट न बघता स्वतःच दारी येऊन विचारू लागला, राजा आज कमी जेवला, काय असंल? बाबा उत्तर द्यायचे आणि तो गेला की माझ्याकडे बघून मान डोलवायचे. चेहऱ्यावर हसू नसायचं.

गेल्या श्रावणात बाबा गेले. मातीला सदू राजाला घेऊन आला होता. मी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

दिवाळीनंतर एका सकाळी तो माझ्या दारात उभा राहिला. हातात राजा, मान टाकलेला. हिरड्या पांढऱ्या पडल्यात, म्हणाला. बाबा नव्हते, आणि बाबांचं शिकलेली पाड्यावर मी एकटीच होते. दार लावून घ्यावं, असं क्षणभर मनात आलं, हे लपवत नाही. पण राजाच्या कपाळावर तसाच टिळा होता. मी शाळेत रजा कळवली आणि जीपने आम्ही जव्हारला डॉक्टरांकडे गेलो. गोचीड ताप निघाला. डॉक्टरांनी सुई दिली, महिनाभराच्या गोळ्या दिल्या, वेळेत आणलंत, वाचेल म्हणाले.

जीप सुटायला वेळ होता. आम्ही दवाखान्याच्या पायरीवर बसलो होतो, राजा सदूच्या मांडीवर. त्याने राजाचा ओठ उचलून हिरड्या पाहिल्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "बाई, तिला लई तरास झाला व्हता कं?"

लगेच गेली, कळलंही नाही तिला, असं मला म्हणता आलं असतं. मी म्हटलं नाही. सकाळी सातला तिचे पाय लटपटायला लागले, तिथून सांगायला लागले. ती माझ्या खाटेखाली कशी शिरली, कुणीतरी सांगितलं म्हणून मी दूध पाजलं ते तिने कसं ओकलं, झटके येताना मधेच शुद्धीवर आली की माझा हात कशी चाटायची, हे सगळं दुपारी एकपर्यंतचं. एक गोष्ट गाळली नाही.

सदूने राजाचे दोन्ही कान हातांनी झाकून धरले होते. स्वतःचे त्याने झाकले नाहीत. मी शेवटपर्यंत सांगितलं.