राजाची परीक्षा आणि माझा टॉवेल

आमच्या घरात चौकशी केल्याशिवाय लग्न ठरत नाही. माझ्या वेळी बायकोच्या माहेरचे एक मामा आमच्या चिंचवडच्या सोसायटीत येऊन वॉचमनला, इस्त्रीवाल्याला आणि खालच्या मजल्यावरच्या काकूंना माझ्याबद्दल विचारून गेले होते. ‘मुलगा चांगलाय, फक्त जिने फार धाडधाड उतरतो,’ असं काकूंनी सांगितलं आणि तेवढ्यावर माझं लग्न झालं.

त्यामुळे इथे डचांच्या देशात, युट्रेख्टला संशोधन करणाऱ्या माझ्या धाकट्या बहिणीने जेव्हा एका दमात जाहीर केलं की, मला लग्न करायचंय, मुलगा इथलाच आहे, म्हणजे इथला नाही, आई लिथुआनियाची आणि वडील पोलंडचे, तेव्हा चिंचवडहून बाबांचा हुकूम सुटला. “तू तिथे आहेस ना? नीट चौकशी कर. तू हो म्हणालास तर हो. नाही म्हणालास तर विषय संपला.”

धाकटीचं तोंड एवढंसं झालं. मी झुइडासच्या एका ऑफिसात दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधतो आणि घरी आल्यावरही ती सवय सुटत नाही. “दादा, तू शेंगदाण्याच्या चटणीतसुद्धा चुका काढतोस. माझं कसं होणार?” ती म्हणाली. खरं सांगायचं तर तो अधिकार मला जरा चढलाच होता.

पुढच्या शनिवारी नीउ-व्हेनेपच्या माझ्या घरून निघालो आणि त्या मुलाच्या गल्लीत गुपचूप दाखल झालो. तिथे ना वॉचमन, ना इस्त्रीवाला. एक आजोबा तेवढे कुंपण छाटत होते. मी माझ्या मोडक्यातोडक्या डचमध्ये विचारलं, “तुमच्या शेजारचा मुलगा कसा आहे हो?” आजोबांनी कात्री खाली ठेवली, बराच विचार केला आणि म्हणाले, “गाडी येऊन गेली की कचऱ्याचा डबा त्याच दिवशी परत आत घेतो.” याहून मोठं प्रमाणपत्र या देशात कोणी कोणाला देत नाही, हे मला अकरा वर्षांत कळून चुकलंय. मी हरखून घरी आलो.

आजोबांनी अर्थातच अर्ध्या तासात त्या मुलाला जाऊन विचारलं, की तू नगरपालिकेच्या काही लफड्यात अडकलायस का, एक इंडियन साहेब तपासाला आले होते. संध्याकाळी मला त्याचा मेसेज आला. ‘दादा, उद्या सौनाला येणार का?’ ‘दादा’ म्हणायला त्याला धाकटीने शिकवलं होतं. सौना म्हणजे वाफेची अंघोळ, एवढं मला माहीत होतं. खास नवी कोरी पोहायची चड्डी घेतली आणि गेलो.

काउंटरवरच्या बाईंनी ती चड्डी पाहून प्रेमळपणे मान हलवली. आत कपडे घालायची परवानगी नाही, म्हणाल्या. कोणालाच नाही. बायका, पुरुष, सगळे एकत्र. मला दरदरून घाम फुटला, तोही सौनात शिरायच्या आधी! शेवटी टॉवेल छातीपासून पोटऱ्यांपर्यंत परकरासारखा गुंडाळला, नजर छताला लावली आणि चाचपडत आत गेलो. माझा भावी मेहुणा वरच्या फळीवर निवांत बसला होता.

“दादा,” तो हळूच इंग्रजीत म्हणाला, “आमच्या एका राजाची गोष्ट सांगू? आईच्या मते तो लिथुआनियाचा, बाबांच्या मते पोलंडचा. यावरून घरी दर नाताळात भांडण होतं.”

गोष्ट सहाशेहून जास्त वर्षांपूर्वीची. तो लिथुआनियाचा सत्ताधीश, आणि पोलंडची राणी जेमतेम बारा वर्षांची. दोन्ही देशांच्या मोठ्या माणसांनी लग्न ठरवून टाकलं. राणीच्या कानावर आलं, की नवरदेव रानटी आहे, अंगभर अस्वलासारखे केस आहेत. तिने आपल्या विश्वासातल्या सरदाराला पाठवलं. भेटवस्तू घेऊ नकोस, नीट बघ आणि सरळ परत ये. नवरदेव पठ्ठ्याने ते ओळखलं आणि सरदाराला थेट स्नानगृहात नेलं. बघ काय बघायचं ते! सरदाराने परत जाऊन सांगितलं, मध्यम उंची, सडसडीत बांधा, अंगात खोट नाही, वागणं राजाला शोभेल असं. लग्न झालं. त्याने धर्म बदलला, नाव बदललं आणि जवळजवळ पन्नास वर्षं राज्य केलं. शत्रूने खिजवायला दोन तलवारी पाठवल्या, तर त्या ठेवून घेऊन त्यालाच हरवलं. जन्मभर दारूला शिवला नाही, फक्त पाणी. आणि म्हातारपणी रानात पाखराचं गाणं ऐकत थंडीत बसला, त्या सर्दीतच गेला.

“तर शेजारच्या आजोबांकडून तुझी चौकशी कळली,” तो म्हणाला, “म्हटलं, दादाला इथेच बोलवावं.” आणि त्याने दोन्ही हात पसरले. “बघ!”

राणीचा सरदार धीट असावा. मी डोळे गच्च मिटून घेतले. मग मला हसू फुटलं, त्यालाही फुटलं, आणि हसता हसता माझा परकर सुटला. सौनात बोलायला बंदी असते. समोरच्या फळीवरच्या आजी “श्श!” म्हणाल्या. क्षणभराने त्यांनीच कुजबुजत विचारलं, “पण राणीला तो आवडला का?”

“ते कोणी लिहून ठेवलेलं नाही,” तो म्हणाला.

तिथून आम्ही थेट धाकटीच्या घरी गेलो. वर यायची त्याची छाती होईना. तो खाली सायकलींपाशीच थांबला. धाकटी टेबलापाशी नखं खात बसली होती. मी चिंचवडला फोन लावला.

“कसा आहे रे?” आई.

“मध्यम उंची, सडसडीत, अंगात खोट नाही.”

“तुला काय माहीत अंगातलं?” आई किंचाळली. “आणि पितो का?”

“छे! फक्त पाणी!”

धाकटीला ती गोष्ट पाठ होती; तिने टेबलाखालून लाथ घातली. “दादा, तो राजा!”

“म्हणजे, कधीतरी बिअर,” मी सावरलं. “पण कचऱ्याचा डबा त्याच दिवशी आत घेतो, आई. माझ्याकडून हो आहे. शंभर टक्के हो.”

मग बाबांनी फोन घेतला. “ते सगळं ठीक आहे,” ते म्हणाले. “ती खूश आहे का?”

शेजाऱ्याला विचारून झालं होतं, टॉवेल सांभाळत प्रत्यक्ष नवरदेव पाहून झाला होता, आणि हिला मी एका शब्दाने विचारलं नव्हतं. मला माझीच लाज वाटली. टेबलापलीकडे ती श्वास रोखून माझ्याकडे बघत होती, आणि क्षणभर मला ती बारा वर्षांचीच दिसली.

“बाबा, तिलाच विचारा,” म्हणालो आणि फोन तिच्या हातात दिला.

“हो बाबा,” ती म्हणाली. “खूप.” पुढे तिला बोलता येईना. ती हसत होती की रडत होती, कळत नव्हतं. मी उठलो आणि त्याला वर आणायला जिना धाडधाड उतरत निघालो.