भुऱ्याची माय आणि भाग दुसरा

पहिलं रीळ संपायच्या आतच नेवेसाहेब म्हणाले, "वामन, काप ते."

"काय कापू, साहेब?"

"तो दगड, ती फुलं, ते म्हातारं कासव काय बोलतंय ते. सगळं. दोन मिनिटांचा तर तुकडा आहे."

सकाळचे नऊ वाजले होते. आमच्या जळगावच्या टॉकीजमध्ये तिघंच माणसं होतो. नेवेसाहेब मॅनेजर. मी ऑपरेटर, म्हणजे केबिनमध्ये बसून सिनेमा चालवणारा. आणि बाल्कनीच्या शेवटच्या रांगेत, माझ्या केबिनच्या खिडकीखाली, इंदूअक्का. ती बायकांच्या तिकीट-खिडकीवर बसायची. बारा वाजता शाळांचा शो होता, साडेसहाशे पोरं येणार होती. आणि पडद्यावर नुकतंच उघड झालं होतं की इंदूअक्का गेली पाच वर्षं अख्ख्या जिल्ह्यातल्या पोरांशी खोटं बोलत होती.

आता हे नीट सांगायला हवं.

दर हिवाळ्यात आमच्याकडे तोच एक कार्टून पिक्चर यायचा. परदेशी, इंग्रजी बोलणारा. एका पाणमांजराच्या पिल्लाची गोष्ट. पाणमांजर म्हणजे तापीच्या डोहात पूर्वी दिसायचं ते, आमच्याकडे त्याला ऊद म्हणतात. चित्रं बघाल तर डोळे निवतील. पण इंग्रजी कोणाला कळतंय? पहिल्या वर्षी मास्तर लोकांनी हात वर केले. तेव्हा नेवेसाहेबांनी कंपनीने पाठवलेला कथेचा कागद अक्काला मराठीत वाचून दाखवला आणि तिच्या हातात माईक दिला. का? तर तिचा आवाज. तिकिटाच्या खिडकीतून ती "लाईन मोडू नको वं बाई" म्हणाली की रस्त्यावरचा टांगेवालासुद्धा लाईनीत उभा राहायचा.

माईकची वायर माझ्या केबिनमधून जायची. ॲम्प्लिफायरला दोन बटणं होती, एक पिक्चरच्या आवाजाचं आणि एक माईकचं. अक्काने हात वर केला की मी पिक्चरचा आवाज खाली करायचा, हात खाली केला की वर. पुढे पुढे तर तिच्या खांद्यावरूनच मला कळायचं, आता बोलणार.

आणि काय बोलायची हो! अस्सल अहिराणीत. पिल्लाचं नाव तिने भुऱ्या ठेवलं. नदी झाली तापी. बोदवडकडची पोरं तिच्या बोलण्याला हसायची, त्यांची बोली वेगळी, पण दोन मिनिटांत गप्प. मी आयुष्यात मोठमोठ्या नटांचे आवाज त्या स्पीकरमधून सोडले. अक्कासारखा हॉल कोणी हातात घेतला नाही, हे मी कोणालाही तोंडावर सांगेन.

पिक्चरच्या मध्यावर जाळं येतं. भुऱ्याची माय भुऱ्याला ढकलून बाहेर काढते आणि स्वतः अडकते. जाळं वर ओढलं जातं. रिकामी नदी. कागदावर स्पष्ट लिहिलं होतं की आई मरते. अक्काला ते माहीत होतं. पण पहिल्याच शोला पुढच्या चार रांगांतून असा हंबरडा फुटला की मी केबिनमध्ये घाबरलो. अक्काने हात वर केला. मी आवाज खाली केला.

"रडू नका रे पोरेहो! भुऱ्यानी माय माहेरले गयी. दोंडाईचाले!"

दोंडाईचा हे अक्काचं स्वतःचं माहेर. पोरं चूप. नाकं पुसली. दर वर्षी मग तेच झालं. तिसऱ्या वर्षापासून तर अक्का नुसतं विचारायची, "माय कोठे गयी?" आणि साडेसहाशे पोरं ओरडायची, "दोंडाईचाले!" टॉकीजचे पत्रे हलायचे. मास्तर लोकही ओरडायचे. मीसुद्धा ओरडायचो, खोटं कशाला बोलू.

सहाव्या वर्षी भाग दुसरा निघाला. हिंदीत केलेला. पोस्टर आलं तेव्हा मी नेवेसाहेबांना म्हणालो, "साहेब, दुसरा भाग म्हणजे कालची भाजी पाणी घालून वाढवलेली. काही दम नसतो."

"तुला काय कळतं? शाळांनी न विचारता जागा धरल्यात."

"आणि हिंदी आहे, तर अक्काचं काय?"

अक्का शेजारीच उभी होती. तिचा चेहरा उतरला. पण शाळांचा पहिला प्रश्न एकच होता, अक्का बोलणार ना? लहान वर्गांना हिंदी कुठे धड कळत होतं! साहेबांनी मान डोलावली आणि अक्काने दुसऱ्या दिवशी नवं लुगडं काढलं.

शोच्या आठ दिवस आधी बोदवडच्या शाळेच्या सुलभाबाई जागा पक्क्या करायला आल्या. काम झालं तरी उठेनात. शेवटी म्हणाल्या, "एक विचारायचं होतं. दुसऱ्या भागात भुऱ्याची आई परत येते का?"

"प्रिंटच आली नाही अजून," साहेब म्हणाले. "का हो?"

"माझ्या तिसरीच्या वर्गात वैशाली नावाची मुलगी आहे. तिची आई पावसाळ्यात वारली, दवाखान्यातच. वडिलांना सांगायचा धीर होईना. पोरीने विचारलं तेव्हा त्यांच्या तोंडून निघून गेलं, भुऱ्याच्या आईसारखी दोंडाईचाला गेली म्हणून. आता पोस्टर पाहिल्यापासून पोर रोज विचारते, बाई, दुसरा भाग कधी?"

ऐकत उभी असलेली अक्का खिडकीवर गेली आणि काही कारण नसताना तिकिटांची पुस्तकं लावत बसली.

प्रिंट शोच्या दिवशी पहाटेच्या गाडीने आली. पत्र्याच्या पेट्या उघडून मी पहिलं रीळ चढवलं, आणि पहिल्याच पाच मिनिटांत तो दगड. भुऱ्या मोठा झालाय. आईच्या नावाने नदीकाठी ठेवलेल्या दगडावर फुलं वाहतोय. म्हातारं कासव हिंदीत म्हणतं, तुझी आई तुला वाचवून गेली त्याला किती पावसाळे झाले.

म्हणून साहेब म्हणत होते, काप.

कापणं अवघड नसतं. फिल्मची पट्टी ब्लेडने कापायची, दोन टोकं खरवडायची, सोल्यूशन लावून दाबायची. झालं. पिक्चर तुटला की आम्ही दिवसातून चार वेळा करतो ते. मी रीळ उतरवलं, तो तुकडा शोधला आणि बल्बसमोर धरला.

सेकंदाला चोवीस चित्रं असतात. पडद्यावर ती पळतात, हातात धरली की एक एक दिसतं. भुऱ्या फूल ठेवतो, त्याची मिशी थरथरते, तेवढ्यासाठी कोणीतरी माणसाने तीस-चाळीस चित्रं काढली होती. एकात मिशी इतकीशी वर, पुढच्यात इतकीशी खाली. पहिल्या भागात चित्रं सुंदर होती. ही त्याच्याही वर होती. पोस्टर आलं तेव्हाच्या माझ्या त्या कालच्या भाजीची मलाच लाज वाटली.

"साहेब, माझा हात नाही धजत."

"नखरे नको करूस वामन! बारा वाजता ती पोरगी येणार आहे."

"आणि पुढच्या रिळांत काय आहे ते बघितल्याशिवाय कापून काय उपयोग?"

ते त्यांना पटलं. आम्ही अख्खा पिक्चर लावला. दीड तास कोणी चहासुद्धा मागितला नाही. भुऱ्याला आता मुलगी आहे. भुऱ्या जाळ्याला इतका भितो की तिला खोल पाण्यात जाऊच देत नाही. नदी आटत चालली, वरच्या डोहात जायला हवं, आणि वाटेत जाळी लावलेली. शेवटी ती चिमुरडीच त्याला विचारते, आजीने काय केलं होतं? तो पहिल्यांदा तिला खरं सांगतो. आणि मग दोघं मिळून दातांनी जाळं तोडतात.

दिवे लावले तेव्हा नेवेसाहेब चष्मा पुसत होते.

"हे सगळं आईच्या मरण्यावरच उभं आहे," मी म्हणालो. "किती कापायचं?"

"मग अक्का, तूच काहीतरी कर," साहेब म्हणाले. "हिंदी बंद करू. तू म्हण, आई अजून माहेरीच आहे. म्हण की पत्र आलंय."

"आनी फुलं कोनले वाहस तो?" अक्का भडकली. "साहेब, एक खोटं मी सांगं, ते निस्तरता निस्तरत नही. तिना बापनी मन्हंच खोटं उचली नेलं. आते आनखी एक सांगू?"

"मग काय करणार आहेस?"

"माहीत नही. पन ती पोरले पुढे बसाडू नका. मन्हाजोडे बसाडा."

बाराला दहा कमी असताना पोरं आली. सुलभाबाईंनी वैशालीला बाल्कनीत आणून अक्काशेजारी बसवलं. बारीकशी, दोन वेण्या घट्ट बांधलेली. वेण्या वाकड्या होत्या, बापाने घातलेल्या असणार. सीटच्या टोकावर बसून पडद्याकडे बघत होती, अजून पडदा पांढराच होता तरी.

मी रीळ चालू केलं. एकही फ्रेम कापली नव्हती. नेवेसाहेब दाराशी उभे होते, आत यायची त्यांची हिंमत नव्हती. तो दगड आला. खाली हॉलमध्ये कुजबूज सुरू झाली, "माय कोठे गयी?" आणि सवयीने दोनशे-तीनशे पोरं ओरडली, "दोंडाईचाले!"

अक्काचा हात वर गेला. मी आवाज शून्यावर नेला.

"पोरेहो," अक्का म्हणाली, "ऐका. मी तुमले खोटं सांगं. भुऱ्यानी माय दोंडाईचाले नही गयी. ती मरी गयी. ती जाळामाच मरी गयी. मले पहिल्या दिवसपासून माहीत व्हतं. तुम्ही रडाले लागनात, मन्हा जीव तुटना, म्हनून मी खोटं बोलनू. चुकी मन्ही शे. मरेल माय परत येस नही, पोरेहो. पन तिनी भुऱ्याले बाहेर ढकलं, ते काही खोटं नही. ते तुम्ही बठ्ठासनी दखेल शे."

पाहिलं तर सगळ्यांनीच होतं. पडद्यावर भुऱ्या आवाजाविना बोलत होता. मी खिडकीतून खाली वाकून वैशालीकडे बघत होतो. मला स्वतःच्या मुली आहेत.

वैशालीने मान वर केली. अक्काच्या हातात माईक चालूच होता, त्यामुळे तिचं बोलणं सगळ्या हॉलला ऐकू गेलं.

"मले माहीत होतं," ती म्हणाली. "पप्पा रडत होते, म्हनून मी हो म्हनलं."

तिकिटाच्या खिडकीवर वीस वर्षं कोणाचं ऐकून न घेतलेली बाई, तोंडाला पदर लावून बसली. मग त्या पोरीने तिच्या दंडाला हलवलं. "आता पुढचं सांगा ना. त्याले पोरगी झाली का?"

अक्काने डोळे पुसले, घसा खाकरला आणि सांगायला लागली. असं सांगितलं, असं सांगितलं की विचारू नका. जाळं तुटलं तेव्हा पोरं सीटवर उभी राहिली होती. चार सीटा मोडल्या. नेवेसाहेब दारात उभे राहून टाळ्या वाजवत होते.

त्या शोनंतर सुलभाबाई जाताना एवढंच म्हणाल्या की घरी कसं सांगायचं ते आता वैशालीच बघेल. पुढच्या रविवारी सकाळच्या शोला वैशाली वडिलांना घेऊन आली. तिनेच हात धरून आणलं होतं. ती आत पळाली आणि तो माणूस बायकांच्या खिडकीसमोर हात जोडून उभा राहिला. अक्का त्याच्याकडे धड बघेना.

"पिक्चर सुरू व्हई गया, भाऊ," ती म्हणाली. "मझार जा. पोरगी वाट दखी राहिनी."

लोक मला अजून विचारतात, इतके पिक्चर चालवलेत, दुसरा भाग पहिल्यासारखा कधी होतो का? बहुतेक वेळा नाही होत. पहिला लोकांना आवडला म्हणून तेच परत वाढायला बघतात, आणि ते शिळं लागतं. पण हा झाला होता. पहिल्यात काय गमावलं ते त्याने विसरू दिलं नाही, आणि तिथून पुढे गेला. पुढच्या हिवाळ्यात कंपनीने विचारलं, दोन्हीपैकी कोणता पाठवू? बाकीच्या शाळांनी पहिला मागितला. बोदवडच्या शाळेचं कार्ड आलं, आम्हाला दुसरा हवा. खाली वैशालीच्या वर्गातल्या सगळ्या पोरांच्या सह्या होत्या.

मी मात्र त्या दिवसापासून एक शिस्त लावून घेतली. प्रिंट आली की शेवटच्या रिळापर्यंत स्वतः बघायची, मगच कात्रीचं बोलायचं. आणि अक्काने माझ्या पोरींना, नातवंडांना एवढंच शिकवलं, की लहान मुलाला काही सांगताना याचा पुढचा भाग निघणार आहे, हे धरूनच सांगावं.