‘समजलं, सर’ म्हणायची चोरी

मुंबईत शिकणारी मुलं जास्त की शिकवणी घेणारी माणसं जास्त, हे मला अजून कळलेलं नाही. पण त्या समस्त शिकवणाऱ्यांत ‘समजलं’ हा शब्द ऐकून अंगावर पाल पडल्यासारखा दचकणारा माणूस एकच होता, आणि मी त्यांच्या घरी पोळ्या करायला होते. मुलुंडच्या त्या पहिल्या मजल्यावरच्या हॉलमध्ये दहावीचं एखादं पोर मान डोलावून “समजलं, सर” म्हणालं की सर खडू खाली ठेवत, चष्मा कपाळावर चढवत आणि वाईट बातमी आल्यासारखा चेहरा करून विचारत, “अरेरे. कधीपासून?” पोर गोंधळून जाई, बाकीची खिदळत, आणि सर स्वयंपाकघराकडे बोट दाखवत. “जा, बाईंना समजावून ये. त्यांना समजलं तर तुला समजलं.”

त्या बाई म्हणजे मी. आमच्या देवगडकडच्या गावात सातवीनंतरची शाळा खाडीपलीकडे होती, आणि मला घरातून खाडीच्या अलीकडचीच कामं असत. लग्न होऊन भांडुपला आले तेव्हापासून मला एकच धास्ती: कोणी काही विचारेल आणि मला ते येत नसेल. बँकेत गेले तरी मी आधी माफी मागायची आणि मग काम सांगायची. अशा बाईला सरांनी पहिल्या दिवशी पोळीची चवसुद्धा न बघता विचारलं, “शिक्षण?” मी जमिनीकडे बघत म्हटलं, “सातवी.” “गणित?” “तेव्हाही येत नव्हतं, सर.” सर इतके खूश झाले की मला वाटलं, यांच्या ऐकण्यात काहीतरी घोटाळा झाला. “उत्तम! लाजताय कशाला? अख्ख्या सोसायटीत ‘मला येत नाही’ म्हणणारं एक माणूस शोधतोय मी. सगळे ग्रॅज्युएट निघतात हो.” माझ्या अडाणीपणाला कोणीतरी उभं राहून मान दिला, तो आयुष्यात पहिल्यांदा. त्या दिवशी माझ्या पोळ्या जरा जास्तच फुगल्या असतील.

त्या रस्त्यावर क्लासची काही कमी नव्हती. केमिस्टच्या डोक्यावर क्लास, फरसाणच्या दुकानामागे क्लास, आणि जिथे क्लास नाही तिथे क्लासचं बॅनर. एक चष्मेवाली मुलगी तर तीन वेगवेगळ्या क्लासच्या बॅनरवर ‘आमची विद्यार्थिनी’ म्हणून हसत होती. ती बिचारी झोपत कधी असेल, याची मला काळजी वाटे. समोरच्या बिल्डिंगमधले सर आधी विमा विकायचे. ते आईबापांना समोर बसवून हळू आवाजात म्हणत, “देव न करो, पण उद्या बीजगणितात काही बरंवाईट झालं तर?” आणि आईबाप तिथल्या तिथे दोन वर्षांची फी भरून मोकळे होत. कोपऱ्यावरच्या मॅडम कॉल सेंटरमधून आलेल्या. मुलाने शंका विचारायला हात वर केला की त्या म्हणत, “तुझा प्रश्न आमच्यासाठी महत्त्वाचा आहे,” आणि पुढच्या धड्याला लागत. तिसरे एक नुसते इंजिनियर होते. इंजिनियरचं काम मिळालं नाही म्हणून ते दुसऱ्यांच्या मुलांना इंजिनियर करायच्या कामाला लागले होते.

या सगळ्यांत आमच्या सरांचं मागचं काही कोणाला माहीत नव्हतं. कोणी म्हणे, ट्रॉम्बेला मोठे शास्त्रज्ञ होते, म्हणून तर बोलत नाहीत. कोणी म्हणे, परदेशातून काढून दिलं. एखादी आई धीर करून विचारी, “सर, तुमचं क्वालिफिकेशन?” सर शोकेसकडे बघून म्हणत, “मिक्सर.” ती ‘हो का’ म्हणून निघून जाई आणि खाली जाऊन सांगे की सर फार खोल आहेत.

शोकेसमध्ये खरोखरच एक जुना मिक्सर होता, देवासारखा पुसून ठेवलेला. सर मुलुंडच्याच एका मिक्सरच्या कारखान्यात माहितीपुस्तिका लिहायच्या कामावर होते. कारखाना गेला, तिथे टॉवर उभा राहिला, सर आणि मिक्सर उरले. त्यांनीच मला एकदा सांगितलं. तेव्हा कारखान्यात रोज ढिगाने मिक्सर परत येत, आणि त्यातले बहुतेक बिघडलेलेच नसत. जास्त भार आला की मिक्सर आपोआप बंद पडतो, खाली एक लाल बटण असतं, ते दाबलं की परत सुरू. एवढंच. पण इंजिनियर साहेबांनी पुस्तिकेत लिहिलं होतं, ‘अतिभार संरक्षक कार्यान्वित झाल्यास तो पूर्वस्थितीत आणावा.’ सरांनी ते वाक्य कँटीनमध्ये भांडी घासणाऱ्या बाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, “म्हंजी करायचं काय?” सरांनी खोडलं, परत लिहिलं, परत वाचलं. त्या परत, “म्हंजी करायचं काय?” शेवटी जे छापलं ते असं: ‘मिक्सर बंद पडला? घाबरू नका. उलटा करा. खाली लाल बटण आहे. ते दाबा.’ मिक्सर परत यायचे थांबले. “बाई,” सर म्हणाले, “बी.एड. म्हणतात ते मी त्या कँटीनमध्ये केलं.” कारखान्याचं पोरांना ठाऊक नव्हतं, पण गणित अडलं की सर त्यांच्याकडून हीच ओळ म्हणवून घेत.

तर अशी मी सरांच्या शिकवण्याच्या पद्धतीत कणकेच्या परातीसकट बसले. पोरं वही घेऊन आत येत, ओट्याला टेकत, आणि मला गणित शिकवत. नियम दोनच. पोराने मला रागवायचं नाही, आणि मी खोटं ‘समजलं’ म्हणायचं नाही. दुसरा नियम फार कठीण होता, कारण जन्मभर मी तेच करत आले होते. हेत नावाचा एक गुजराती पोरगा होता, त्याला फुटबॉलला पळायची घाई. तो दोन ओळी सांगून हात जोडी, “मावशी, प्लीज यार, समजलं म्हण ना! टर्फ बुक आहे माझा!” शिकवणी सुटायची वेळ माझ्या कुकरवर होती, तिसरी शिट्टी झाली की सर पुस्तक मिटत. त्यामुळे हेत आत आला की त्याचा एक डोळा वहीवर आणि एक गॅसच्या बटणावर असे.

एकदा तो वयाचं गणित घेऊन आला. बापाचं वय इतकं, मुलाचं इतकं, त्याचा गुणाकार तितका. बरंच काय काय करून त्याने दोन उत्तरं काढली, एक दहा आणि एक उणे पन्नास, आणि उणे पन्नासवर काट मारली.

“ते कशाला खोडलंस रे?”

“वय मायनस नसतं ना, मावशी.”

“मग काढलंस कशाला?”

“गणितात येतं ते. सोडून द्यायचं.”

“अरे पण गणिताला ठाऊक नाही का, आपण वय काढतोय म्हणून?”

हेतने वही उलटी करून बघितली. बाहेर हॉलमध्ये टाळी वाजली. सर दारात येऊन उभे, चेहरा असा की घरात नातू झालाय. “घ्या! याचं उत्तर कोण देणार? ‘कसं’ विचारणारे पायलीचे पन्नास मिळतात. ‘कशाला’ विचारणारं माणूस मिळत नाही, रे!” त्या दिवशी कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या कोणी मोजल्या नाहीत. डाळ गेली, टर्फ गेला, पण समीकरणाला आपण काय सांगितलेलं असतं आणि काय सांगायचं राहून गेलेलं असतं, हे त्या वर्गाला कळलं. मलाही.

वर्गातल्या तन्वीची आई एकदा तावातावाने वर आली. हातात गाडीची किल्ली, पायात बूट. “सर, माझी मुलगी इथे पोळीवाल्या बाईला शिकवते? आम्ही फी तिच्या शिक्षणाची भरतोय की हिच्या?” मी लाटणं हातात धरून भिंतीत शिरायला जागा शोधत होते. सर शांतपणे म्हणाले, “बरोबर आहे तुमचं. उद्यापासून तन्वी तुम्हाला समजावेल. रोज अर्धा तास. मधे मोबाइल बघायचा नाही, आणि समजलं नाही तर तसं सांगायचं.” बाई जरा घुटमळल्या. “मला कसा वेळ मिळणार, सर? झुम्बा असतं.” जाताना त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, “नीट लक्ष द्या हं तुम्ही.”

लक्ष दिलं. तिथेच घोळ झाला. पोळी लाटता लाटता रोज तीच भूमिती कानावर पडली की कणकेलासुद्धा थोडीफार येईल. मला तर यायलाच लागली. सुरुवातीला मला वाटलं, गॅसजवळ उभं राहून डोकं हलकं झालंय. मग एक दिवस पोर बोलायच्या आधीच पुढची ओळ माझ्या डोळ्यांसमोर आली, आणि मी लाटणं खाली ठेवलं. पोळ्या करणाऱ्या बायका मुलुंडमध्ये हव्या तेवढ्या मिळतात. मला या घरात मान होता तो मला काही कळत नाही म्हणून. तोच गेला तर माझं इथे काय उरलं? मी तोंड मिटून ठेवलं. पण तन्वी समरूप त्रिकोण घेऊन आली, उन्हात काठी उभी करून तिच्या सावलीवरून झाडाची उंची काढायचं सांगू लागली, आणि मला आमच्या अंगणातला माड दिसला, त्याची विहिरीपर्यंत गेलेली सावली दिसली, आणि तोंडातून निघूनच गेलं, “म्हणजे काठीचं तिच्या सावलीशी जे, तेच माडाचं त्याच्या सावलीशी!”

हॉलमधला खडूचा आवाज थांबला. सर दारात. “बाई, तुम्हाला समजलं?”

“नाही, सर.”

“बाई.”

“थोडंसं,” मी म्हटलं आणि रडायला लागले.

“वाट लागली,” सर खुर्चीत बसत म्हणाले. “बिघडलात तुम्ही. चांगलं माणूस हातचं गेलं.”

दुसऱ्या दिवशी माझ्या जागी त्यांनी शेजारचे निवृत्त बँक ऑफिसर आणून बसवले. ते दोन दिवससुद्धा टिकले नाहीत. “त्यांना काही म्हणजे काही समजत नाही,” सर म्हणाले, “पण कबूल कोण करणार? प्रत्येक वाक्याला ‘करेक्ट, करेक्ट’ म्हणतात.” मी तोवर कोणाच्या नजरेला येणार नाही अशा बेताने ओटा पुसत होते. सरांनी मला हाक मारली. आता सांगतील, उद्यापासून येऊ नका. त्यांनी हॉलमधल्या बाकाकडे बोट दाखवलं. हेत सरकून जागा करत होता.

“बसा. सतरा नंबरचा फॉर्म भरू. बाहेरून दहावी द्यायची.”

“आणि पोळ्या?”

“पोळ्या आधी. उपाशीपोटी सिद्धता होत नाही.”

“सर, मला भीती वाटते.”

“माहितीये. मिक्सर बंद पडला तर काय करायचं?”

“घाबरायचं नाही,” अख्खा वर्ग ओरडला, “उलटा करायचा!”

पुढे ती सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेली. सरांचा मुलगा त्यांना बेंगळुरूला घेऊन गेला; मिक्सर सरांनी मांडीवर घेऊन नेला. मी आता दुसऱ्या घरी पोळ्या करते. त्या घरात सगळ्यांना सगळं येतं, त्यामुळे कोणी कोणाशी फार बोलत नाही. माझी परीक्षा मार्चमध्ये आहे, आणि परवा बसल्या बसल्या लक्षात आलं, की मी ज्याला समजावून सांगायचं असं न समजणारं माणूसच माझ्याकडे नाही. मग गावी फोन लावला. आई कधी शाळेची पायरी चढलेली नाही.

“सांग,” आई म्हणाली. “भात शिजासर मी हंयच बसलंय.”

मी काठी सांगितली, सावली सांगितली, अंगणातला माड न चढता मोजून दाखवला. आईने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “माड मोजून करतलस काय गो? उंच आसा तां माका दिसता. पाडेली गावणा नाय, नारळ सुकान पडतत. तेचा काय लिवलला आसा काय तुझ्या पुस्तकात?”

पाडेली म्हणजे माडावर चढून नारळ उतरवणारा माणूस. आमच्या गावात आता तो नाही. तोही मुंबईलाच आला असणार.

मी सरांना फोन केला. आवाज बारीक झाला होता. म्हणाले, “बाई, नातवाला मोबाइलमधलं कोणीतरी शिकवतं. मिनिटामिनिटाला विचारतं, समजलं का? तो ‘हो’ वर बोट दाबतो. मी नुसता बघत बसतो.” मग मी आईचा प्रश्न सांगितला. पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

“बाई,” सर हळूच म्हणाले, “आईंच्या गावाला रेंज असते का हो?”

हल्ली रविवारी मी आईला फोन लावते तर लागत नाही. तिच्या फोनवर सरांचा तास चालू असतो, बहुतेक भात शिजेपर्यंत चालतो. मी कणीक भिजवून ठेवते आणि माझी पाळी यायची वाट बघते.