जुन्या फॉन्टचा पेन ड्राइव्ह

कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या वंदनाताईंनी तिसऱ्यांदा माझा कॉम्प्युटर पुसून विंडोज नव्यानं टाकलं. "काका, व्हायरस तुमच्या त्या जुन्या फॉन्टच्या पेन ड्राइव्हमधूनच येतो. आता तो फेकून द्या," असं बजावून त्या गेल्या. स्क्रीन लख्ख झाला होता. मी ईमेलमध्ये साठवलेला माझा एक जुना लेख उघडला. तो फॉन्ट नसल्यामुळे मराठीचं एकही अक्षर दिसेना, नुसती कंस-आकड्यांची खिचडी. वीस वर्षांचं लिखाण सगळं असंच, आणि तो फॉन्ट आता दुसरीकडे कुठेही मिळत नाही. घातक सवयी माणसाला का सोडवत नाहीत, ते तेव्हा कळलं. त्यांच्याशिवाय त्याला स्वतःचंच आयुष्य वाचता येत नाही. मी वंदनाताईंचा नंबर टेबलावर काढून ठेवला आणि पेन ड्राइव्ह खोचला.