रापणीचा वाटा

मार्चमध्ये मी तोंडवलीला जायचं ठरवलं. माझ्या कादंबरीला पुरस्कार मिळून सात महिने झाले होते, आणि या सात महिन्यांत बाबा पुस्तकाबद्दल काहीच बोलले नव्हते. समारंभालाही आले नाहीत. प्रत वाचून फडताळात ठेवली. विचारलं की म्हणायचे, छपाई चांगली आहे.

आम्ही गोव्यातले. बाबा पेडण्याला शाळामास्तर होते. पोर्तुगीज पोलीस दुसऱ्यांदा चौकशीला आले तेव्हा आई-बाबांनी मला घेऊन तेरेखोलची खाडी ओलांडली. आम्ही रेडीला आलो, तिथून कुणाच्या तरी ओळखीने तोंडवलीला. मी अकरा वर्षांचा होतो. तिथे एक वर्ष काढलं. मग मुंबई, रात्रशाळा, कॉलेज, मास्तरकी, आणि सहा वर्षं रेंगाळलेली ही कादंबरी. तिच्यातलं तोंडवलीचं प्रकरण सर्वांनी वाखाणलं. निर्वासित मास्तर रोज सकाळी किनाऱ्यावर हात मागे धरून, मान खाली घालून उभा असतो. मच्छीमार त्याच्या मुलाच्या टोपलीत मासे टाकतात. भिकेचं अन्न, असं मी लिहिलं होतं. बाबांचं मौन या प्रकरणामुळे असावं, अशी शंका होती. बाबांना विचारण्यापेक्षा तोंडवली जवळची वाटली.

आगबोटीच्या खालच्या डेकवर जागा हवी असेल तर धक्क्यावर दोन तास आधी पोचा आणि सतरंजी न्या. मी उशिरा पोचलो आणि शिडीपाशी बसून प्रवास केला. मालवणला बोट बाहेर समुद्रातच उभी राहते. उतारूंना न्यायला आलेला पडाव लाटेने वर आला की त्यात पाय टाकायचा. बंदराजवळच्या खानावळीत बांगड्याचं तिखलं आणि भात चांगला मिळतो. मला भूक नव्हती. पुढे सर्जेकोटपर्यंत चालत, तिथून होडीने खाडी पार करून तळाशील, आणि मग वाळू. चपला हातात घ्या, ओल्या वाळूवरून चाला. तरी पाय दुखतातच.

तांडेल, म्हणजे रापणीचा म्होरक्या, माडाखाली जाळं दुरुस्त करत बसला होता. म्हातारा झाला होता. मी नाव सांगितल्यावर त्याने हातातली सुई थांबवली नाही.

"मास्तराचो झील मां तू? बक्षीस गावला म्हणे. आता मासळी इकत घी."

गावच्या शाळेतल्या गुरुजींनी ते प्रकरण देवळात वाचून दाखवलं होतं. कोणाला आवडलं नव्हतं. मी विचारलं, यात खोटं काय आहे.

"फुकट मासळी कोण देता रे? तुझ्या बापाशीन दोरीक हात लावल्यान, वाटो घेतल्यान. तू टोपली घेवन येयस तेव्हा ओढून झालेला असायचा."

मग हात मागे का, मी विचारलं.

"हाताची सालां सोलान गेली हुती. झिलाक दिसाक नको, म्हणालो तुझो बापूस."

रापणीचं जाळं होडीने समुद्रात टाकतात आणि दोन्ही टोकांच्या दोऱ्या माणसं किनाऱ्यावरून ओढतात. जो ओढतो त्याचा वाटा. हे मला ठाऊक होतं. मास्तर दोरी ओढेल हे तेवढं सुचलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मीही दोरी धरली. शेजारची बाई म्हणाली, धरून रवलंस काय, ओढ. तासाभरात तळवे सोलले. वाट्याला तारल्या, म्हणजे बारीक मासळी, आल्या. तांडेलाने त्या मोजूनमापून नव्हे, इतरांच्या टाकल्या तशाच माझ्यापुढे टाकल्या. मुंबईपर्यंत टिकल्या नसत्या, म्हणून त्याच्याच सुनेला रांधायला दिल्या. दोन घास जेवलो आणि निघालो.

घरी आलो त्या दिवशी जेवताना मला वाटी धरता येईना. बाबांनी ताट सरकवलं, माझा तळवा उलटा करून पाहिला. मग उठून खोबरेल आणलं.

"दोरी मुठीत सरकू द्यायची नाही," ते म्हणाले. "सरकली की सोलते."

पुस्तकाबद्दल ते अजूनही बोललेले नाहीत. दुसऱ्या आवृत्तीतून मी ते प्रकरण काढून घेतलं आहे. प्रकाशक नाराज आहे. नवं लिहून व्हायचंय. पेन अजून नीट धरवत नाही.